तीन नंबरच्या होडीतली मागची फळी

२ मे १९८४, बुधवार

आज तीन नंबरच्या होडीत पहिल्यांदा बसलो आणि पहिल्याच दिवशी मला संशय आला. मोराग म्हणते, "तुला संशय यायला पूर्ण दिवस कशाला लागतो?" बायकोला बोलायला काय जातं! एकतीस वर्षं मी व्हिस्कीच्या कारखान्यांवर सरकारचं कुलूप आणि सरकारची किल्ली सांभाळली. नाक उघडं ठेवायचाच पगार होता. गेल्या साली सरकारने आम्हा कुलूपवाल्यांना घरी बसवलं आणि आम्ही मोरागच्या माहेरी, लॉख आर्डव्हिन या लांबलचक तळ्याच्या काठी राहायला आलो.

संशयाचं कारण लिहून ठेवतो. मासेमारी क्लबच्या होड्या सहा. प्रत्येक होडीला एक धनी, आणि आपला जोडीदार तो स्वतः निवडतो. धन्याने होडी सोडली की ती जोडीदाराकडे जाते. बाकीच्यांनी यादीत नाव घालून अकरा अकरा वर्षं वाट पाहायची. तीन नंबरचा धनी टॉर्किल मॅकआस्किल, वय चौऱ्याहत्तर, रस्ते खात्यातून निवृत्त. चौदा मैलांच्या या पाण्यावर ट्राउट मासा पकडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याचा जोडीदार अँगस हिवाळ्यात वारला. त्या रिकाम्या फळीवर सगळ्या गावाचा डोळा होता. आणि म्हाताऱ्याने निरोप कोणाला धाडला, तर मला! मी जन्मात कधी गळाला पिसांची नकली माशी बांधलेली नाही, आणि चोरटी दारू पकडणाऱ्या माझ्या अबकारी खात्याला तर हे गाव पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घालत आलंय.

पण होडी मला हवी आहे, हे इथे खासगीत कबूल करतो. ती मिळाली की गावात मी 'मोरागचा नवरा' राहणार नाही.

सकाळी धक्क्यावर नियम बारा पार पडला. मागच्या फळीवर बसून होडी हाकणाऱ्याने दरवर्षी मे महिन्यात धक्क्यावर उभं राहून, लांब नांगरलेल्या आपल्या होडीचा आकडा वाचून दाखवायचा. वाचता आला नाही तर किल्ली ठेवून होडी सोडायची. फार पूर्वी एका अधू नजरेच्या माणसाने होडी खडकावर घालून दोघांना बुडवलं होतं, तेव्हापासूनची ही रीत. सेक्रेटरी गेडिस जुने शाळामास्तर, त्यांनी टॉर्किलचं नाव पुकारलं. हा आपला वाकून बुटाची नाडी बांधतोय. मान वर न करता म्हणाला, "तीन. चाळीस वर्षं तीनच आहे, गेडिस. तू रातोरात बदललास काय?"

सगळे हसले. मी हसलो नाही. वाचणं म्हणजे वाचणं.

९ मे, बुधवार

धक्क्यावर फेक शिकलो. काठी घड्याळाच्या काट्यासारखी समजायची. दहावरून उचलायची, एकवर थांबवायची, मागे दोर सरळ होईपर्यंत दम धरायचा आणि मग पुढे सोडायची. माझी माशी पहिल्यांदा माझ्याच टोपीत अडकली, दुसऱ्यांदा गेडिसच्या कुत्र्यात.

"मासा पाण्यात असतो, अबकारीसाहेब," टॉर्किल म्हणाला. आवाज माझ्या बाजूला, तोंड मात्र लॉखकडे. माझ्याकडे बघायचीही त्याला गरज वाटत नाही.

मग होडीत. दोराला तीन माश्या बांधायच्या. सगळ्यात वरची लाटेच्या पाठीवर नाचवायची, म्हणजे तिला बघायला मासा वर येतो आणि खालचीला फसतो. सरकारी काम यापेक्षा काही वेगळं नव्हतं. पण माझ्या तीन बांधून झाल्या, तर त्याने स्वतःचा दोरही माझ्या मांडीवर टाकला. "शिकायचंय ना? मग बांधा. काळी वर, तपकिरी मध्ये." आणि स्वतः हात बांधून बसला. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार! जुने अधिकारी आम्हा नव्या पोरांकडून असेच बूट पुसून घ्यायचे.

दुपारी त्याने आपल्या बाटलीतली व्हिस्की पेल्यात ओतली. ओतताना बोट पेल्याच्या आत. गलिच्छ सवय. मी हुंगून पाहिली. माल कर भरलेला निघाला. खोटं कशाला बोलू, जरा निराशाच झाली.

१९ मे, शनिवार

पहिला ट्राउट! अर्धा पौंड.

पण आजचा मुख्य मुद्दा वेगळा. हा माणूस दिवसभर माझी परीक्षा घेतो. वाऱ्यावर होडी सोडली की सुरू. "अबकारीसाहेब, चर्चचा मनोरा आणि पोस्टमास्तरचं पांढरं घर एका रेषेत आलं का?"

"आलं."

"नेमकं एका रेषेत, की जरा डावीकडे?"

"वीतभर डावीकडे."

"मग वीतभर म्हणा ना! तीन विती झाल्या की आपल्याखाली बुडालेला खडक. तिथे फेका." फेकली, आणि तिथेच तो अर्ध्या पौंडाचा लागला. म्हणजे याला सगळं पाठ आहे, तरी विचारायचं मला. चाळीस वर्षं इथे फिरणाऱ्याला मनोरा कुठे आहे ते कालच्या माणसाकडून कळायला हवं होय?

मासा जाळीत आला तर म्हणतो, "रंग सांगा."

"पाठ तपकिरी. पोट लोण्यासारखं. लाल ठिपके नऊ."

"नऊ? मोजलेत?"

"मोजले."

यावर तो इतका हसला की होडी हलली. एखाद्याच्या पहिल्या माशावर हसू नये.

३० मे, बुधवार

वादळामुळे होडी नाही. दुकानात पाव आणायला गेलो. टॉर्किल दारातून आत आला आणि माझ्यापासून हातभर अंतरावरून, ओळख न दाखवता पुढे गेला. होडीत परीक्षा घ्यायची आणि चारचौघांत ओळख द्यायची नाही! मी मुद्दाम मोठ्याने खोकलो. तेव्हा कुठे वळून, "अरे वा, अबकारीसाहेब!" शेजारी त्याची बायको पेगी, त्याच्या दंडात हात अडकवून. या वयात, नव्या नवरानवरीसारखी. धक्क्यापर्यंत सोडायलाही ती अशीच येते. मला वाटतं ती त्याच्यावर पहारा ठेवते. का, ते शोधायला हवं.

१३ जून, बुधवार

आता पुरावा मिळाला.

एक: या लॉखवरची रीत अशी की दुपारी खाणं झालं की जागा बदलायच्या. पुढचा मागे, मागचा पुढे. प्रत्येक होडी बदलते. आमची नाही. मी आज सरळ विचारलं, "टॉर्किल, मी कधी येऊ मागच्या फळीवर?"

"घाई काय आहे?" म्हणाला आणि इंजिनाच्या दांडीवर हात असा घट्ट धरला, जसं मी ते चोरणार होतो.

दोन: उत्तरेला कावळ्यांची खाडी आहे. तिथून सहा नंबरवाल्यांनी शनिवारी तीन पौंडाचा मासा आणला. आम्ही दर वेळी तिच्या तोंडाशी येतो आणि तिथूनच हा होडी वळवतो. "आत काय आहे?" मी विचारलं. "दगड," तो म्हणाला. दगड सहा नंबरवाल्यांना नाही लागत?

म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. याला होडी सोडायची नाही. म्हणून सगळ्यात अडाणी माणूस निवडला, त्याला हमालासारखं राबवायचं, चांगली जागा दाखवायची नाही, मागची फळी द्यायची नाही. म्हणजे मी कधी तयारच होणार नाही, आणि हा मरेपर्यंत धनी.

१४ जून, गुरुवार

मोरागला सगळं सांगितलं. तिने बटाटे सोलता सोलता ऐकलं.

"तुझी अडचण काय ते सांगू?" ती म्हणाली. "तो तुला रोज बोलायला लावतो. इथे आल्यापासून दुसरं कोणी तुझ्याशी दहा वाक्यं बोललंय का?"

"प्रश्न तो नाही."

"कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, गिल्बर्ट. बाबा टॉर्किलबद्दल म्हणायचे, हा माणूस पाण्याला पण खोटं सांगणार नाही."

तिचे वडील भाबडे होते. मी भेटलो त्याच दिवशी त्यांनी मला पोरगी दिली.

२७ जून, बुधवार

आज पुन्हा खाडीच्या तोंडावरून परत फिरलो. संध्याकाळी कमिटीला पत्र लिहिलं. जुन्या सवयीने मुद्दे नीट क्रमाने आले. तीन नंबरचा धनी जागा बदलण्याची रीत पाळत नाही, जोडीदारापासून पाण्याची माहिती लपवतो, सबब होडीचा ताबा तपासावा. दोनदा वाचलं. एक शब्द जास्त नव्हता.

लखोटा गेडिसच्या दारात टाकला. ते अंगणात कुत्र्याला घासत होते. "नियमाप्रमाणे पुढचं होईल, मनरो," इतकंच म्हणाले. चहालाही बोलावलं नाही. हरकत नाही. खात्यात असताना तरी मला चहाला कोण बोलवायचं!

४ जुलै, बुधवार

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी टॉर्किल नेहमीसारखा पेगीबरोबर आला. पेगीने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोरांत डोकं घातलं. होडी सुटल्यावर तो म्हणाला, "आज कावळ्यांच्या खाडीत जाऊ, अबकारीसाहेब. फार दिवस तुमच्या मनात आहे."

मी मनातल्या मनात सावध झालो. पत्राला आठवडा झाला आणि आजच खाडी? कोणी सांगितलं याला? नक्की याचा काहीतरी बेत आहे. म्हणून मी पुढे तोंड करून बसायच्या ऐवजी त्याच्याकडे तोंड करून, पाण्याकडे पाठ करून बसलो. त्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवली. चेहऱ्यावर घाम होता. गार वाऱ्यात घाम का, याचा मी विचार करत होतो.

"समोर काय?" त्याने विचारलं.

"पाणी," मी म्हणालो.

जरा वेळाने, इंजिन अगदी हळू करून, पुन्हा. "नीट बघून सांगा. समोर काय?"

"पाणीच आहे. सांगितलं ना!"

मी वळून पाहिलं नव्हतं.

दगड गायीएवढा होता. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने पांढराफेक, पाण्याच्या हातभर वर. लहान पोराला पैलतीरावरून दिसला असता. होडीने त्याला अशी धडक दिली की मी तळात उताणा पडलो, इंजिन बंद पडलं आणि एक वल्हं पाण्यात गेलं. पहिला विचार काय आला ते लिहितो, कारण ही वही माझी आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याने मुद्दाम घातली.

मग मी उठून बसलो आणि पाहिलं. वल्हं पिवळं होतं, त्याच्या कोपरापासून फूटभर लांब तरंगत होतं. आणि टॉर्किल होडीच्या काठावर वाकून पाणी चाचपत होता. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. अंधारात काड्यापेटी शोधावी तसा. भर दुपारी, स्वच्छ उन्हात.

मी वल्हं उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

"आभारी आहे," तो म्हणाला. "होडी फुटली का?"

"नाही. एक फळी खरवडली."

"किती?"

"टीचभर."

पाणी होडीच्या पोटाला लागत होतं. शेवटी मी विचारलं, "किती दिवसांपासून?"

"दगड? दगड कायमचाच आहे." मग वल्हं मांडीवर घेऊन, "दोन वर्षं झाली. कडेचं दिसतं थोडं. मधलं गेलं."

मी त्याला म्हणालो, जागा बदलू. या वेळी तो नाही म्हणाला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून, गुडघ्यांवर सरकत पुढे गेला. त्याचा हात हलका होता. होडी मी परत आणली. वाटेत तो एकदाही 'समोर काय' म्हणाला नाही, आणि मी न विचारता सगळं सांगत राहिलो.

५ जुलै, गुरुवार

माश्या, पेला, दुकान, पेगीचा हात, मनोरा आणि पांढरं घर. सगळं माझ्याच अक्षरात या वहीत आहे. मी नोंदी चोख केल्या आणि बेरीज चुकवली. मला माझी लाज वाटते.

पण त्याहून वाईट ते एक 'पाणी'. एकतीस वर्षांत न बघता मी एकही नोंद केली नव्हती. पहिली केली ती अशी, की दोन माणसं बुडाली असती.

बुधवारी कमिटी बसणार आहे. मी खरं सांगितलं तर नियम बारा लागेल, टॉर्किलची किल्ली जाईल आणि रीतीप्रमाणे होडी त्याच संध्याकाळी माझी होईल. मला हवी होती तशी, कायदेशीर. मोराग ऐकून बटाटे सोलत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

११ जुलै, बुधवार

शाळेच्या खोलीत तिघं बसले होते, मध्ये गेडिस. मी उभा.

"तुमचं पत्र आहे," गेडिस म्हणाले. "बोला."

"पत्र मागे घेतो. तक्रार चुकीची होती. खाडी त्याने मला दाखवली आहे. जागाही आम्ही बदलली आहे. यापुढे मागच्या फळीवर मी बसेन, सकाळी आणि दुपारीही."

"नियम नऊ माहीत आहे ना? तक्रार मागे घेणाऱ्याचं नाव कायमचं उतरतं. जोडीदार म्हणून बसाल, पण धनी कधी होणार नाही. टॉर्किलनंतर होडी यादीत जाईल. विचार करा."

"केला."

"त्या होडीत आणखी काही तुमच्या नजरेला आलं?"

हा प्रश्न मी लोकांना हजार वेळा विचारला असेल. "माझं लक्ष पाण्याकडे होतं," मी म्हणालो. माझी दुसरी खोटी नोंद. ही मात्र समजून उमजून केलेली.

गेडिसनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "नियम बारा मागच्या फळीचा आहे. तिथे बसणाऱ्याने आकडा वाचावा. चला, मनरो, धक्क्यावर जाऊ." गेलो. मी सहाही होड्यांचे आकडे वाचले. मग त्यांनी चहाला बोलावलं.

१४ जुलै, शनिवार

दक्षिणेचा वारा, लाट हवी तशी. टॉर्किल आला तो न सांगता पुढच्या फळीकडे वळला. पेगीने त्याचा हात सोडून माझ्या हातात दिला, आणि जाताना माझ्या डब्यात ओटच्या चार भाकऱ्या जास्त टाकल्या.

बुडालेल्या खडकावर आलो तेव्हा तो म्हणाला, "पत्र छान लिहितोस, गिल्बर्ट."

माझ्या हातातली दांडी सुटता सुटता राहिली. आजवर तो मला नावाने हाक मारत नव्हता. "कोणतं पत्र?"

"पेगीने दोनदा वाचून दाखवलं. तक्रारीची प्रत ज्याच्यावर तक्रार आहे त्याला पाठवायची, असाही एक नियम आहे. तीस जूनला आली."

मी हिशेब केला. तीस जून शनिवार. खाडी चार जुलैला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? तरी मला खाडीत नेलंत?"

"तू लिहिलंस, मी लपवतो. लपवतच होतो की. खाडी नव्हे, पण लपवत होतो. म्हटलं, जे लपवलंय ते तुला दाखवून टाकावं."

"आणि मी पाण्याकडे पाठ करून बसलो."

"ते आवाजावरून कळलं," तो म्हणाला. "पण मला वाटलं, हा न बघता बोलणार नाही."

मी चर्चच्या मनोऱ्याकडे बघत राहिलो. मग विचारलं, जे दोन मेपासून विचारायचं होतं. "माझ्यासारख्या संशयी माणसाला का घेतलंत? गावात चांगले मासेवाले होते."

"चांगले होते, म्हणूनच. अँगस फार चांगला होता. शेवटची दोन वर्षं त्याने मला प्रत्येक मासा दोन पौंडाचा आणि सोन्यासारखा पिवळा सांगितला. मला बरं वाटावं म्हणून. अरे, माझे हात काय गेलेत? माशाचं वजन मला कळत नाही?" त्याने काठी उचलली. "मला गावात एकच माणूस असा दिसला, जो कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोलत नाही. मनोरा कुठे आहे?"

"दोन विती. आता तीन."

त्याने फेकली. लाटेच्या पाठीवर काळी माशी नाचली, पाणी फुगलं, काठी वाकली. मी जाळी लावली.

"किती?"

"पाऊण पौंड."

"अँगस असता तर..."

"पाऊणच आहे, टॉर्किल. पाठ काळसर. पोट पांढरं. सोन्यासारखं वगैरे काही नाही."

"ठिपके?"

"सात."

"नक्की?"

"थांबा," मी म्हणालो आणि मासा उन्हाकडे वळवून परत मोजले. सातच होते.